बँड तर आणलात, पण झील कोण धरणार?

आमच्या चिपळूण साईडला हल्ली प्रत्येक आळीत एक बँड निघालाय म्हटलं तरी चालेल. दोन गिटारवाले, एक कॅहॉन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) बडवणारा, गायला एखादी पोरगी, आणि गणपतीत नाहीतर शिमग्यात मंडळाने बोलावलं की चार-पाच हिंदी गाणी उरकून "आता एक आपल्या मातीतलं" म्हणत जाखडीचं (कोकणातल्या नाचाचं) नाहीतर फुगडीचं गाणं काढायचं. यात वाईट काहीच नाही, आमचाही तसलाच बँड आहे. पण होतं काय, पहिल्या ओळीला शिट्ट्या पडतात, दुसऱ्या कडव्याला लोकं आपापसात बोलायला लागतात आणि तिसऱ्याला मागच्या खुर्च्यांवरची मंडळी वडापावच्या गाडीकडे निघतात. गाणं चांगलं असतं, गळा बरा असतो, वाजवणारे तयारीचे असतात, तरी पडतं. ते का पडतं हे कळायला आम्हाला दोन सीझन गेले, आणि कळल्यावर आम्ही काय काय बदललं ते लिहितोय, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्या.

आमचं पडलं ते असं. माझी आत्या फुगडीची गाणी म्हणते, गौरीच्या रात्री वाडीतल्या बायका तिच्याशिवाय सुरूच करत नाहीत. तिचं एक गाणं आम्ही घेतलं, महिनाभर बसवलं, इंट्रो, मधे गिटारचा सोलो, शेवटी ड्रमचा तुकडा, सगळं कसं एकदम टकाटक, आणि हौसेने आत्यालाच स्टेजवर उभं केलं. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली, आमच्या गिटारने लगेच ती जागा भरून काढली. दुसरी ओळ म्हटली, थांबली, आता कीबोर्डचा नंबर. समोर पन्नासेक बायका बसलेल्या, सगळ्यांना ते गाणं पाठ, पण एकीचं तोंड उघडलं नाही. खाली उतरल्यावर आत्या म्हणाली, "आरं, मी थांबले का तुमी वाजवता, मंग बायांनी म्हनायचं कवा?"

झालं. महिनाभराच्या प्रॅक्टिसवर एका वाक्यात पाणी.

आपल्याकडच्या गाण्यात पुढचा म्हणतो आणि मागचे झील धरतात, म्हणजे त्याची ओळ उचलून जबाबाची ओळ म्हणतात. जाखडीत शाहिराच्या मागे झीलकरी, भजनात बुवांच्या मागे कोरस, फुगडीत तर अख्खं रिंगणच झील असतं. आता आम्ही बँडवाले ह्याला बॅकिंग व्होकल समजतो तिथेच घोळ होतो, कारण बॅकिंग व्होकल काढून टाकलं तरी गाणं उभं राहतं, पण झील काढली की ते लंगडतं, पुढच्याने टाकलेली ओळ कोणीतरी उचलली तरच पुढची ओळ येणार ना. आणि आम्हाला लहानपणापासून रेकॉर्ड केलेली गाणी ऐकायची सवय, त्यात कुठे रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. म्हणून आता आमचा पहिला नियम असा की बसवायला बसायच्या आधी झील कुठे पडते, कोण धरतं, किती मात्रांची आहे हे कागदावर लिहायचं, त्या जागांभोवती लाल पेनाने चौकोन करायचे आणि त्या चौकोनात कोणीही वाजवायचं नाही. ठेका चालू ठेवायचा, बाकी सगळ्यांनी हात वर.

गाणं कुठलं घ्यायचं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गावात ऐकलं म्हणजे ते पारंपरिक, असं अजिबात नसतं.

कोळीगीतांचंच घ्या. "मी डोलकर" हे गाणं आमच्या ड्रमरच्या मते पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, त्याच्या आजोबांना पण येत होतं म्हणे. ते लिहिलंय शांता शेळक्यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि गायलंय लताबाई आणि हेमंतकुमारांनी. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क राहतो, शांताबाई गेल्या २००२ साली, म्हणजे २०६२ संपेपर्यंत ते शब्द कोणाच्या तरी मालकीचे आहेत. म्हणजे गाऊच नका असं नाही, पण तिकीट लावून जाहीर कार्यक्रमात गाताना आयोजकाने आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं) लायसन घेतलंय का ते विचारा, आणि व्हिडिओ टाकताना त्यावर "पारंपरिक कोळीगीत" लिहू नका, क्लेम येतो आणि वर हसं होतं ते वेगळं.

जाखडीचं प्रकरण अजून वेगळं. जाखडी म्हणजे काहीजण ज्याला बाल्या डान्स म्हणतात ते, ह्या नावामागची गोष्ट अशी सांगतात की मुंबईत घरकामाला गेलेले कोकणातले गडी कानात बाळी घालायचे म्हणून बाल्या, आमच्या आबांना ते नाव आवडायचं नाही, ते जाखडीच म्हणायचे, म्हणून मी पण तेच म्हणतो. तर ह्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, शक्तीवाले आदिमायेची बाजू घेणार, तुरेवाले शंकराची, आधी गण, मग गवळण, आणि मग एकाने सवाल टाकायचा दुसऱ्याने जबाब द्यायचा. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी ह्या शक्तीतुऱ्याच्या सामन्यांना वर्षानुवर्षं गर्दी केलीय. आता ही गाणी कोणीतरी शाहिराने लिहिलेली असतात, आणि शेवटच्या कडव्यात त्याचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, कधी गावाचं नाव गुंफलेलं असतं. बँडवाले काय करतात, गाणं लांब होतंय म्हणून नेमकं शेवटचं कडवं उडवतात. म्हणजे ज्याने लिहिलं त्याची सहीच खोडली. काटायचंच असेल तर मधलं काटा, शेवटचं ठेवा, आणि शाहीर हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, चहा पाजतात आणि वर दोन गाणी जास्तीची देतात.

काही गाणी मात्र स्टेजवर घ्यायचीच नाहीत असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडा. रायगडकडे आगरी-कोळी लग्नात धवलारीण जे धवले (लग्नगीतं) गाते ते लग्न लावण्याचं काम आहे, तिथे ती बाई पुरोहिताच्या जागी असते. त्याला खाली बेस लावून नाचायला लावणं मला तरी झेपत नाही. तीच गोष्ट गाऱ्हाण्याची. "होय महाराजा" हा जबाब इतका जबरदस्त आहे की प्रत्येक बँडला तो शो ओपन करायला हवा असतो, पब्लिक आपोआप ओरडतं, पण ते देवापुढचं मागणं आहे. गावच्या मानकऱ्याने किंवा गुरवाने खरंखुरं गाऱ्हाणं घातलं आणि मग तुम्ही वाजवायला सुरुवात केली तर उत्तम, पण माईकवर आवाज जाड करून विनोदी गाऱ्हाणं घालू नका, पहिल्या रांगेतले म्हातारे उठून जातात आणि बरोबरच करतात.

सुरुवात करायची असेल तर फुगडी-झिम्म्याची गाणी सगळ्यात सोपी. लहान ओळी, ठरलेली झील, शब्दांत मजा, आणि कोणाची श्रद्धा दुखावत नाही. जात्यावरच्या ओव्या पण घेता येतील, हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां ह्यांनी गावोगाव फिरून बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साईटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात. पण ओवी ही दळताना एकटीने नाहीतर दोघींनी म्हणायची गोष्ट, तिला ड्रमकिट लावाल तर ती गुदमरते. एक गिटार, एक गळा, बास.

गाणं आणायचं कसं

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण एकट्या बाईला खुर्चीवर बसवून नाही. आम्ही आत्याला एकटीला बसवून रेकॉर्ड केलं होतं, त्यात झीलच नव्हती, तिने ती जागा मनातल्या मनात म्हटली आणि पुढे गेली, आम्हाला वाटलं पॉज आहे! चार-पाच जणी एकत्र असताना, शक्यतो फुगडी घालत असताना रेकॉर्ड करा, एक फोन तोंडाजवळ आणि दुसरा फोन जमिनीवर पायांजवळ. पायांचं रेकॉर्डिंग नंतर ड्रमरला द्यायचं असतं, त्याला दुसरं काहीच द्यायचं नाही. गौरीच्या दिवशी दिवसा मात्र जाऊ नका, ओवसे, नैवेद्य, पाहुणे, कोणाला डोकं वर काढायला फुरसत नसते, रात्री सगळं आवरल्यावर त्या खेळायला बसतात तेव्हा एखादी बहीण-वहिनी बरोबर घेऊन जा, चार पोरं हातात माईक घेऊन उभी राहिली की बायका लाजून गप्प बसतात.

शब्द जसे ऐकू येतात तसेच लिहा. गाना असेल तर गाना, पानी असेल तर पानी. आमच्या गायिकेने पहिल्यांदा सगळे न चे ण केले, कारण शाळेत तसं शिकवलंय, आणि गाणं एकदम सत्कार समारंभातल्या स्वागतगीतासारखं वाटायला लागलं. संगमेश्वरी बोलीतलं गाणं मालवणी हेल काढून गाऊ नका आणि उलटंही नको, चिपळूणच्या आणि कुडाळच्या माणसाला पहिल्या दोन शब्दांत कळतं.

आणि एक विचारून घ्या, हे गाणं कधी म्हणतात आणि कधी म्हणत नाहीत. उत्तर ऐकून कधीकधी प्लॅन बदलावा लागतो.

सूर

इथे आता थोडं टेक्निकल. बाई जो सूर लावेल तो सा. ती काळी चारला म्हणत असेल तर तुम्ही काळी चार, म्हणजे जी शार्प, "आमच्या गिटारला जी सोयीचा पडतो ताई जरा खाली घ्या ना" असलं काही बोलायचं नाही, कॅपो (गिटारचा सूर वर नेणारा चिमटा) कशासाठी विकत घेतलाय. बिनसाथीचं गाणाऱ्यांचा सूर गाण्यात हळूहळू वर सरकतो, पायांनी लय चढली की गळा पण चढतो, त्याला बेसूर म्हणू नका, पण बँडबरोबर ते जमणार नाही म्हणून मागे सा-पचा धरून ठेवलेला सूर हवा. आम्ही तो पेटीवर देतो. त्याने आत्या जागेवर राहते आणि तिला कोणी पकडून ठेवलंय असंही वाटत नाही.

पेटी असेल तर अजून एक गोम. जुन्या पेट्या ४४० ला, म्हणजे हल्लीच्या ठरलेल्या सुराला, असतीलच असं नाही, आमच्या मंडळाची पेटी ट्यूनर ॲपवर बरीच वर दाखवते. पेटीला तिथल्या तिथे काही करता येत नाही, म्हणून गिटार, बेस, कीबोर्ड सगळे पेटीला लावून घ्या, कीबोर्डमधे मास्टर ट्यून म्हणून सेटिंग असतं ते शोधा. आम्ही पहिल्या शोला हे केलं नव्हतं, सगळं गाणंभर काहीतरी आंबट लागत होतं आणि सगळे एकमेकांकडे बघत होतो.

कॉर्ड्स कमी. खरं सांगायचं तर एक. फुगडीची चाल चार-पाच सुरांत फिरते, आणि आत्याचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी बसलेला असतो, त्याखाली तुम्ही मेजर कॉर्ड दाबली की तो खोटा वाटायला लागतो. म्हणून गिटारवर फक्त सा आणि प, तिसरा सूर सोडून द्यायचा. बेसने सा धरायचा, कंटाळा आला तरी धरायचा. आमच्या गिटारवाल्याने ह्यावरून आठवडाभर अबोला धरला होता, कारण त्याने जॅझच्या कॉर्ड शिकायला बरेच पैसे घातलेले. शेवटी त्याला झीलचं काम दिलं, म्हणजे बायका झील म्हणतात तीच ओळ त्याने त्यांच्याबरोबर गिटारवर वाजवायची, वरच्या सप्तकात, आता त्याच्याशिवाय गाणं होत नाही.

ठेका

ड्रमरला आधी ऐकायला लावा, काठ्या हातात देऊ नका. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गाण्यांना सहाचा झोका असतो, दादरा तालाच्या घरातला, धा धी ना धा ती ना, आणि आपल्या ड्रमरला यूट्यूबवर शिकल्यामुळे सगळं चारात दिसतं. सहाचं गाणं चारात बसवलं तर ते बसतं हो, तीच तर पंचाईत आहे, बसतं आणि मेलेलं बसतं. उपाय असा की बायकांची टाळी कुठे पडते ते त्या पायांच्या रेकॉर्डिंगमधे ऐकून फक्त तिथे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) द्यायची. दोन दिवस फक्त किक. मग रिमवर हलका आवाज. हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन थाळ्या) शक्यतो नकोच, ते काम झांज किंवा घुंगरू करतात आणि दोन्ही एकत्र आले की नुसता कचकचाट.

क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात एकाच लयीत वाजणारी टकटक, लावू नका. जाखडीत गाणं मुद्दाम संथ सुरू होतं आणि नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळाबरोबर चढत जातं, शेवटी तर पाय दिसत नाहीत नुसते, ती चढण हीच त्यातली नशा आहे. क्लिकवर वाजवलं तर पहिल्या मिनिटाला जिथे होतात तिथेच पाचव्या मिनिटाला. लय कोणी चढवायची हे मात्र ठरवून घ्या, आमच्यात ते ढोलकीवाला ठरवतो आणि ड्रमर त्याच्याकडे बघून वाजवतो, त्यामुळे दोघं समोरासमोर बसतात. ड्रमर मागे आणि ढोलकीवाला पुढे अशी मांडणी केलीत की संपलं.

बसवायचं कसं, म्हणजे एकदा बघूनच घ्या

समजा अशी ओळ आहे, मीच जुळवलेली, उदाहरणापुरती:

गौराय आली गो, माहेराला आली
(झील) आली गो बाय आली
सरीवर सर आली, भिजत भिजत आली
(झील) आली गो बाय आली

पहिल्या फेरीत फक्त गाणारी आणि टाळी, झील आमच्या बँडमधलेच म्हणतात, माईक शिवाय, ओरडून. हे महत्त्वाचं आहे, कारण माईकवरून झील आली की पब्लिकला वाटतं काम झालं, आपण कशाला. बिनमाईकची, जरा ओबडधोबड झील ऐकली की समोरच्यांना हात द्यावासा वाटतो. दुसऱ्या फेरीत ढोलकी आणि पेटी. तिसऱ्या फेरीत बेस आणि किक, आणि इथे आम्ही बँडवाले झील म्हणणं बंद करतो. एकदम बंद. गाणारी ओळ टाकते आणि जागा रिकामी सोडते, नुसता ठेका. पहिल्या वेळी कोणी म्हणत नाही, दोन सेकंद पोटात गोळा येतो, हात गिटारकडे जातो, जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या वेळी एखादी आजी म्हणते. तिसऱ्या वेळी अर्धा मांडव.

ते एकदा सुरू झालं की मग तुमचं काय ते इलेक्ट्रिक वगैरे वाजवा, चालतं सगळं, कारण आता गाणं समोरच्यांच्या ताब्यात आहे. आमचा सोलो आता ह्या टप्प्यावर येतो आणि त्यातही झीलची जागा आली की गिटारवाला थांबतो. कधीकधी बायका गाणं सोडायलाच तयार नसतात, शेवट कसा करायचा हे ठरलेलं असूनही आत्या नवीन कडवं काढते, तिथल्या तिथे, मंडळाच्या अध्यक्षांवर, पावसावर, हायवेच्या खड्ड्यांवर. तिला थांबवू नका, तेच त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं कडवं असतं.

बाहेरचं ऐकायचं असेल तर मुंबईचा अभंग रिपोस्ट बँड ऐका, संतांचे अभंग गिटार-बेस-ड्रमवर करतात, किंवा कन्नडमधे शिशुनाळ शरीफांची पदं घेऊन उभा राहणारा रघू दीक्षित. भाषा कळली नाही तरी पब्लिकला कधी सोबत घेतोय ते बघा. आणि जवळच जायचं असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा, तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या टिकवल्यात, परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ ची पद्मश्री त्यासाठीच मिळाली. एक माणूस चित्र पुढे धरून गोष्ट गातो आणि मागचे साथ देतात, एवढ्याशा सामानात लोकांना कसं बांधून ठेवतात हे एकदा डोळ्यांनी बघाच.

मांडव, पाऊस आणि साउंडवाला

गणपतीत आपल्याकडे हवा म्हणजे नुसतं ओलं फडकं. ढोलकीची पुडी (तोंडावरचं कातडं) तासाभरात उतरते, म्हणून दोन ढोलक्या न्या, एक वाजवायला आणि एक शेगडीजवळ नाहीतर जुन्या पिवळ्या बल्बखाली शेकत ठेवायला, हेअर ड्रायर पण चालतो पण फार जवळ धरू नका. मृदंग किंवा पखवाज असेल तर धुमेला (डाव्या तोंडाला) कणीक ताजी लावा, आणि स्टेजच्या हॅलोजनखाली ती सुकते आणि आवाज वर जातो, म्हणून थोडी ओली कणीक डब्यात जवळ असू द्या. गिटारच्या तारा खाऱ्या हवेने आठवड्यात गंजतात, वाजवून झालं की पुसून ठेवा, केसमधे सिलिका जेलच्या पुड्या टाका.

माईक मांडताना ढोलकीला दोन, थापेला एक आणि शाईला एक. झांजेला माईक द्यायचा नाही, ती अशीच सगळ्या माईकमधे घुसते. नाचणारे असतील तर पायाखाली प्लायवूडची फळी टाका आणि तिच्या कडेला खाली एक माईक ठेवा, चाळांचा आवाज मिळाला की अर्ध्या पर्कशनची गरजच उरत नाही. जाखडीत गाणारे-वाजवणारे मधे आणि नाचणारे भोवती असतात, बँडवाले मात्र सगळे एका ओळीत उभे राहतात जसं काही ग्रुप फोटो काढायचाय. जमलं तर मधे बसा, वायरी मधूनच एकत्र बांधून पुढे काढा आणि वरून टेप मारा, ड्रमकिट मावणार नाही, कॅहॉन घ्या.

आणि एक माईक प्रेक्षकांकडे तोंड करून, फक्त तुमच्या मॉनिटरमधे (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधे). त्याशिवाय समोरची झील तुम्हाला ऐकूच येत नाही आणि तुम्ही तिच्यावर वाजवत सुटता. साउंडवाला म्हणेल फीडबॅक येईल, एकदा एकाने तर आमचा तो माईक न सांगता बंद करून ठेवला होता आणि आम्ही अख्खा शो बहिऱ्यासारखा वाजवला. त्याला आधी जाऊन चहा पाजा आणि नीट समजावून सांगा, आवाज कमी ठेव पण बंद करू नको.

पैसे आणि नाव

ज्या बाईचं गाणं तिला मानधन बँडमधल्या एकाच्या वाट्याइतकं. साडी-नारळ वेगळा, तो मंडळ देईल, पैशाच्या जागी साडी नाही. स्टेजवरून नाव घ्या, गावाचं, वाडीचं, आणि तिला चालत असेल तर तिचं, आधी विचारून, काहींना नको असतं. तिचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग गाण्यात सॅम्पल म्हणून वापरायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, कायद्याने गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, चाल पारंपरिक असली तरी गळा तिचा आहे. आणि रात्री तिला घरी सोडायची गाडी आधी ठरवा, एसटी नसते त्या वेळी.

दहा वाजले की

शेवटचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस कुठले हे मंडळाला विचारून घ्या. आणि आपल्याकडे तर खरी माणसं जेवूनखाऊन साडेनऊनंतर मांडवात येतात, त्यामुळे बरेच बँड पावणेदहाला घाईघाईने सगळं उरकतात. आम्ही आता उलटं करतो. गिटार-बेस-ड्रमचा भाग साडेआठला सुरू, दहाला पाच कमी असताना सगळं बंद, लाइट तेवढे ठेवायचे, आणि खुर्च्या बाजूला करून खाली रिंगणात बसायचं, ढोलकी, पेटी आणि जितके गळे असतील तितके. तेव्हा ड्रमरला काही काम नसतं म्हणून आत्याने त्याच्या हातात झांज दिलीय, आणि ती धरायची कशी हे त्याला अजून नीट जमलेलं नाही.